पाठीला पाठ

तालमीच्या हॉलची किल्ली बाईंनी नाच बसवणाऱ्या पोरीच्या अगदी हातापाया पडून मिळवली होती. वयस्कर माणसांचा नाच होता तो. बाईंना त्यात काम होतं, नवऱ्याला नव्हतं. एके काळी दोघं जोडीनं नाचत. आता तो बाईंना घरी येणारी नर्स समजायचा.

"आई, उद्या बाबांना वृद्धाश्रमात सोडू या. तू कोण हेच त्यांना कळत नाही. उगाच जीव नको जाळूस," मुलगा म्हणाला होता. बाईंनी एक दुपार मागून घेतली. डोकं विसरलं तरी पाठ विसरणार नाही, असा त्यांचा हट्ट. हट्टाच्या बाबतीत बाई कुणाचं ऐकत नसत.

नाचाची सुरुवात साधी होती. दोघांनी जमिनीवर पाठीला पाठ लावून बसायचं, डोळे मिटायचे आणि हात न टेकता एकमेकांच्या भारावर उठायचं. मध्येच डोळे उघडले की तोल जातो, म्हणून कितीही वाटलं तरी उघडायचे नाहीत.

नवरा भिंतीलगतच्या खुर्चीवरून हलेना. बाई एकट्याच सतरंजीवर बसल्या, डोळे मिटले.

"या ना हो… एकदाच."

हॉलमध्ये जुन्या लाकडाचा, कोंदट वास होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग अगदी हळूच पाठीला पाठ टेकली.

बाईंना रडूच फुटलं. आला, शेवटी आला! तो भार त्यांच्या श्वासाबरोबर श्वास घेत होता. दोघं उठली. इतकं सहज, की बाईंचे गुडघे कुरकुरलेसुद्धा नाहीत. पाठ मात्र गार होती… आणि अरुंद.

बाईंनी डोळे उघडले.

नवरा समोर खुर्चीतच होता. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा उजळला होता. ओळखलं, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती.

"आलीस?" तो म्हणाला. "किती वाट बघायला लावलीस गं…"

मागची पाठ अजून टेकलेलीच होती. बाईंना मान वळवायचा धीर होईना.

"अहो," तो बाईंना अदबीनं म्हणाला, "जरा बाजूला होता का? माझी बायको मागे खोळंबली आहे."

बाई बाजूला झाल्या. त्याने हात पुढे केला, आणि त्याची बोटं कशावर तरी अलगद मिटली.