खंडूने पुसलेलं पाणी

टेबल कोरडं होतं.

मी खंडूला भिंतीवर चाललेला कार्यक्रमाचा भाग थोडा मागे न्यायला सांगितलं आणि परत बघितलं. आई डोळे मिटून तांब्यात पाणी ओततेय. पाण्याचा आवाज चढत जातो. तांब्या काठोकाठ भरतो, आई थांबते आणि डोळे उघडून हसते. एक थेंबही सांडत नाही.

पण पाणी सांडलं होतं. टेबलावर सांडलं होतं, तिथून आईच्या साडीवर ओघळलं होतं, आणि आई म्हणाली होती, "घ्या, शास्त्रज्ञ बाईंची अंघोळ झाली." हे मी इतक्यांदा पाहिलंय की झोपेतही सांगेन.

"आबा, पाणी कुठे गेलं?" मी विचारलं.

"कुठलं पाणी?" आबांच्या तोंडात थालीपीठ होतं.

"सांडलेलं."

आबांनी भिंतीकडे बघितलं आणि ते चावायचे थांबले.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. उपग्रहांकडून येणारे अर्धेमुर्धे, खरखरणारे संदेश स्वच्छ करून वाचायचे, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. सांगलीत लोक त्यांना मोठे शास्त्रज्ञ म्हणतात. मी त्यांना हट्टी म्हणते, कारण मी त्यांच्याबरोबर राहते. बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला असतात आणि महिन्यातून एकदा घरी येतात.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. माझ्या जन्माआधी ती टीव्हीवर मुलांसाठी 'विचारा तर खरं' नावाचा कार्यक्रम करायची. मुलं विचारतील ते प्रश्न, आणि आई हातात येईल त्या भांड्याने उत्तर दाखवणार. ती वाहिनी कधीच बंद पडली. सगळे भाग आईने घरी एका पेटीत साठवून ठेवले होते. गेल्या वर्षीच्या पुरात आमचा खालचा मजला बुडाला आणि पेटीही बुडाली. त्यातून एकच भाग हाती लागला, तांब्याचा. तोही भोकाभोकांचा होता, नंतर दुरुस्त झाला.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी आमच्याकडे थालीपीठ आणि तांब्याचा भाग असतो. शेजारच्या बर्वेकाकू म्हणतात, "निरू, तेच तेच काय गं बघता? पाठ झालं असेल." मला त्यांचा राग येतो. पाठ झालंय म्हणूनच तर बघायचं असतं, पण हे त्यांना कसं सांगायचं ते मला कळत नाही.

"पुढे बघू," आबा म्हणाले.

त्याच भागात पुढे एक लहान मुलगी उभी राहते. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. ती विचारते, "ताई, माझ्या आजीला नळ बंद असतानाही पाण्याचा आवाज येतो. तो कुठून येतो?"

इथे आई गप्प होते. किती तरी वेळ. मग कोपर खाजवते आणि म्हणते, "माहीत नाही गं. खरंच माहीत नाही. शोधू या आपण." टीव्हीवर कुणी असं म्हणत नाही. मला आई सगळ्यात जास्त इथे आवडते.

भिंतीवरची आई थांबली नाही. तिने कोपर खाजवलं नाही. ती गोड हसली आणि म्हणाली, "छान प्रश्न. आवाज हवेतून प्रवास करून आपल्या कानापर्यंत पोहोचतो."

आवाज आईचाच होता. चेहराही आईचाच होता, पण नीट बघितल्यावर हनुवटीवरचा कांजिण्यांचा वण दिसेना. औषधाच्या जाहिरातीतल्या कुठल्याही बाईसारखी दिसत होती ती.

"खंडू," मी म्हणाले, "ही कोण आहे?"

खंडू हा आमच्या घरचा यंत्रमानव. उंचीने माझ्या खांद्याइतका. भांडी घासतो, आबांना गोळ्यांची आठवण करतो, आणि छातीतल्या दिव्यातून भिंतीवर चित्र पाडतो. खंडू खोटं बोलत नाही, त्यामुळे तो असं काही करेल अशी शंकाही मला आली नव्हती.

"या तुमच्या आई आहेत," खंडू म्हणाला. "म्हणजे, बहुधा."

"बहुधा?"

"पेटीतल्या साठवणीच्या पट्ट्यांमध्ये पाणी गेलं होतं. त्या अजून गंजत आहेत. दर आठवड्याला आणखी काही चित्रबिंदू (ज्या बारीक ठिपक्यांनी पडद्यावरचं चित्र बनतं ते ठिपके) निकामी होतात. मी ते भरून काढतो. शेजारचे ठिपके बघतो, मी आजवर पाहिलेली लाखो चित्रं बघतो, आणि त्या जागी काय असण्याची संभाव्यता (एखादी गोष्ट खरी असण्याची शक्यता किती, याचं माप) सगळ्यात जास्त आहे ते ठरवतो. टेबलं बहुधा कोरडी असतात. कार्यक्रम सादर करणारे बहुधा उत्तर देतात. मग भरलेला भाग मी त्याच पट्ट्यांवर परत ठेवतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच्यावरूनच काम सुरू करतो."

"तुला कुणी सांगितलं हे करायला?"

खंडूने आबांकडे बघितलं. आबांनी ताट बाजूला सारलं.

"मी," आबा म्हणाले. "पूर ओसरल्यावर पहिल्यांदा लावलं तेव्हा मृदूच्या, तुझ्या आईच्या, तोंडावरून काळ्या रेघा जात होत्या. मला बघवेना. मी खंडूला म्हटलं, जरा बघण्यासारखं कर बाबा."

मी माझंही ताट सारलं. बोलले असते तर फार वाईट बोलले असते.

आबाच म्हणाले, "निरू, एक म्हण पुरी कर. नाचता येईना..."

"आता म्हणी कशाला?"

"कर तर."

"अंगण वाकडं."

"मी सांगायच्या आधीच तुला ते ठाऊक होतं. म्हणजे 'अंगण वाकडं' हे शब्द मी उच्चारले असते, तरी तुला नवं काहीच मिळालं नसतं. आता हे पुरं कर. काल दुपारी गच्चीवर मला सापडलं एक..."

"एक काय?"

"सांग की."

"मला कसं कळणार? काहीही असू शकतं."

"बरोबर. काल मला गच्चीवर सापडला एक डाव्या पायाचा बूट. आता तुला काहीतरी नवं कळलं. शास्त्रात माहिती म्हणतात ती हीच. जे आधी ओळखता येतं त्यात माहिती कमी. जे ओळखता येत नाही त्यात जास्त. खंडू भोक भरतो ते नेहमी ओळखता येण्याजोग्या गोष्टीने, 'अंगण वाकडं'ने. त्याची त्यात चूक नाही, दुसरं तो काय भरणार? पण तुझी आई कोपर खाजवून 'माहीत नाही' म्हणेल, हे जगातल्या कुठल्या यंत्राने ओळखलं असतं?"

"कुठल्याच नाही."

"म्हणून ते तिचं होतं. आणि नेमकं तेच गेलं."

आबा हे इतक्या सरळ आवाजात म्हणाले की मला रडूसुद्धा येईना.

"तू मला मागे विचारलं होतंस ना, बर्वेकाकूंना काय सांगायचं," ते पुढे म्हणाले. "पहिल्यांदा बघताना आपला मेंदू पुढे पळत असतो. आता काय होणार, आता काय होणार, एवढंच. दुसऱ्यांदा, दहाव्यांदा बघताना गोष्ट ठाऊक असते, मग त्याला पळावं लागत नाही. तो इकडेतिकडे बघायला मोकळा होतो. मग त्याला हनुवटीवरचा वण दिसतो, साडीवरचं पाणी दिसतं. सारखं बघूनही ज्याच्यात आणखी काही सापडतं, तेच पुन्हा बघावंसं वाटतं. खंडूचं चित्र तू दहा वेळा बघ, अकराव्यांदा त्यात काही सापडणार नाही. कारण त्यात ठेवलेलंच काही नाही."

"पण माझ्या डोक्यात आहे ना सगळं. आई डावं कोपर खाजवते. मी सांगते, तसं खंडूला परत काढू दे."

"उजवं," आबा म्हणाले.

"डावं."

"निरू, उजवं. डाव्या हातात तांब्या होता."

"तांब्या टेबलावर होता!"

इतक्या रविवारी शेजारी बसून एकच गोष्ट बघितली होती आम्ही.

आबांनी चष्मा काढला. "हे मी तुला सांगणार नव्हतो. आपला मेंदूही थोडासा खंडूसारखाच आहे. आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती बाहेर काढतो आणि परत नव्याने ठेवतो. याला स्मृतीची फेरसाठवण (जुनी आठवण वापरून झाल्यावर पुन्हा नव्याने साठवणं) म्हणतात. परत ठेवताना कुठे भोक असलं तर तोही भरून टाकतो, आणि आपल्याला सांगत नाही."

"म्हणजे माझ्या डोक्यातली आईपण पुसली जातेय?"

आबांनी 'नाही' म्हणावं म्हणून मी थांबले. ते चष्म्याची काच पुसत राहिले.

मग मी रडले. उशीत तोंड खुपसून, बर्वेकाकूंना ऐकू जाईल इतकी रडले. आबा शेजारी येऊन बसले, पण त्यांनी समजूत घातली नाही, कारण घालण्यासारखी समजूतच नव्हती. खंडू पाण्याचा पेला घेऊन उभा राहिला. तो पेला मी त्याच्या हातून घेतला नाही.

"सगळ्यात वाईट काय सांगू?" आबा भिंतीकडे बघत म्हणाले. "मी उपग्रहाच्या संदेशात एक अक्षर मनाचं घालू दिलं नसतं कुणाला. जिथे ऐकू आलं नाही तिथे जागा कोरी सोडायची, हा आमचा पहिला नियम. घरात मात्र विसरलो. ती भोकं दिसत राहिली असती ना, तर ती वाढताहेत हे पहिल्याच महिन्यात कळलं असतं. मी पट्ट्या वाचवायला धावपळ केली असती. पण चित्र इतकं स्वच्छ दिसत होतं की मला वाटलं, सगळं ठीक आहे."

मी तोंड पुसलं. त्यांच्या बोलण्यातला 'कोरी' हा शब्द माझ्या डोक्यात अडकला होता.

"खंडू, कुठला ठिपका कॅमेऱ्यातून आलेला आणि कुठला तू भरलेला, हे तुला आठवतं?"

"हो. प्रत्येक ठिपक्याची नोंद आहे."

"मग तू भरलेले सगळे काढून टाक. आवाजातलेही. तिथे काहीच नको."

"निरू, थांब," आबा घाईने म्हणाले. "काहीच उरलं नसलं तर? निदान आता तिच्यासारखं कुणीतरी दिसतंय."

मला पहिल्यांदाच कळलं की आबांना माझ्यापेक्षा जास्त भीती वाटतेय. आई त्यांची मुलगी होती.

"तिच्यासारखं नकोय मला," मी म्हणाले.

आबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग खंडूकडे बघून मान हलवली.

भिंत काळी झाली. अगदी काळी नाही. रांगोळीची चिमूट वाऱ्याने उडावी तसे ठिपके इथेतिथे राहिले होते. एका कोपऱ्यात टेबलाची कड, मध्ये तांब्याच्या काठावरची चकाकी. आईचा चेहरा कुठेच नव्हता. मी शोधला, नव्हता.

मग पाण्याचा आवाज आला. तुटत तुटत, पण चढत जाणारा. तांब्या भरतो तशी आतली हवेची जागा लहान होत जाते आणि लहान जागेतून बारीक आवाज निघतो, म्हणून आईला डोळे मिटूनही भरलेला तांब्या ओळखता यायचा. आवाज बारीक बारीक होत गेला. त्यानंतर अगदी छोटा, ओला असा 'टप्' ऐकू आला.

"सांडलं," आबा म्हणाले. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"सांडलं," मी म्हणाले.

पुढे बराच वेळ काही नव्हतं. मग ती मुलगी बोलली. तिचा प्रश्न जवळजवळ पुरा होता. "...नळ बंद असतानाही पाण्याचा आवाज येतो. तो कुठून येतो?"

अंधार. त्यात कातडीच्या रंगाचे चार-पाच ठिपके हलल्यासारखे वाटले. कोपर असेल, डावं की उजवं ते सांगता येत नव्हतं. आईचं उत्तर आलं नाही. त्या जागी फक्त शांतता होती, ती संपेपर्यंत आम्ही ऐकत राहिलो.

"खंडू," मी विचारलं, "इथे आई काय म्हणाली होती?"

खंडूच्या छातीतला दिवा लुकलुकला. एरवी तो उत्तराला वेळ लावत नाही.

"माहीत नाही," खंडू म्हणाला.

आबांनी मान फिरवली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण माझेही डोळे भरले होते. इतक्या दिवसांत आमच्या घरात हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं.

भाग संपला. भिंत पुन्हा भिंत झाली. थालीपीठं गार झाली होती.

"आबा," मी थोड्या वेळाने म्हणाले, "ती दोन वेण्यांची मुलगी आता बरीच मोठी असेल ना?"

"पंचवीस-तिशीची असेल. का गं?"

"तिच्या घरच्यांनी तो भाग साठवून ठेवला असेल. आपली मुलगी टीव्हीवर आली होती म्हटल्यावर कोण टाकून देईल? आणि पूर काही सगळ्यांच्या घरात शिरला नव्हता."

आबांनी ताटं एकावर एक ठेवली. "नसेलही ठेवला," ते म्हणाले. "कुठली होती, नाव काय, आपल्याला काही ठाऊक नाही. सापडणार नाही, निरू, असंच धरून चाल."

"असंच धरते," मी म्हणाले. "पण शोधू या आपण."