बसायचा दगड

सरफराजच्या यंत्राला अजून नाव नव्हतं. गडचांदूरला त्याच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर ते उभं असलं की येणारे-जाणारे त्याला मळणीयंत्र समजायचे आणि सरफराजचा पारा चढायचा. "मळणी कुठी दिसली तुले? दगड वेचते हे!" मग ऐकणाऱ्याला घाई असो की नसो, सगळं ऐकावंच लागायचं. ट्रॅक्टरमागे जोडायचं. फाळ मातीत घुसतो, दगडासकट माती उचलतो, फिरते दाते ती चाळणीवर लोटतात, माती गळून पडते आणि दगड मागच्या डाल्यात. भुईमूग काढायच्या एका मोडक्या यंत्रावर त्याने हे सगळं उभं केलं होतं आणि दाते ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून स्वतः कापले होते.

ट्रॅक्टर चालवायचा त्याचा मोठा भाऊ नूर मोहम्मद. माणूस इतका किडकिडीत, की त्याच्या वजनाने सीटची स्प्रिंग दबलेली कधी कोणी पाहिली नाही. वडील गेले तेव्हा सरफराज लहान होता. पावसाळ्यात नाला भरला की नूर मोहम्मद त्याच्यापुढे उकिडवा बसायचा, "बस" म्हणायचा आणि त्याला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवायचा. त्या खांद्यांवर सरफराजचा जीव होता. आता तोच खेळ सरफराजच्या अंगणात चाले. संध्याकाळी सरफराज घरी आला की त्याची लेक कहकशाँ पाठीवर चढायची, आणि घोड्याने अंगणाला फेरी मारल्याशिवाय घोड्याला चहा मिळत नसे.

उन्हाळा तापला आणि जिवतीच्या पहाडावरून भैयाजी नावाच्या शेतकऱ्याचं बोलावणं आलं.

पहाडावरची वावरं उताराची, पावसाच्या भरवशावरची. माती कमी, दगड फार. दर उन्हाळ्यात बाया टोपल्यांनी दगड वेचून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर रचतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तितकेच वर आलेले असतात. भैयाजी धुऱ्यावरच उभा होता, पांढराशुभ्र शर्ट घालून, हातात मोबाइल.

"इथी कोणाचा ट्रॅक्टर नाई का?" नूर मोहम्मदने विचारलं. "आमाले एवढ्या दुरून बोलावलं म्हणून म्हटलं."

"हायेत ना लय. पण तुमच्यासारखी मशीन कुठी हाय?"

झालं. सरफराजची छाती फुगली आणि त्याने पुढचं काही विचारलं नाही.

वावराच्या दुसऱ्या कडेला पळसाखाली दगड वेचणाऱ्या बाया बसल्या होत्या. टोपल्या पालथ्या घातलेल्या. त्यांचं काम आपण हिरावलं हे सरफराजला कळत होतं, म्हणून तो पाणी मागायच्या निमित्ताने दोन गोड शब्द बोलायला गेला. एकीने घागर उचलली आणि स्वतःच्या पाठीमागे ठेवली. तो हात हलवत परत आला.

यंत्र मात्र झकास चाललं. डाला भरला की खालच्या नाल्यात रिकामा करायचा, पुन्हा पुढच्या ओळीचं तास धरायचं. दगड खणखणत होते, धूळ नाकातोंडात जात होती, आणि मागे वळून पाहिलं की काळी-तांबडी माती चाळून पसरल्यासारखी दिसत होती. दुपार कलायला आली तेव्हा सगळ्या वावरात एक दगड उरला होता. अगदी मधोमध.

पाटाएवढा, चपटा. वरची बाजू गुळगुळीत, मधे किंचित खोलगट. सरफराजने आकार पाहायला त्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. सकाळपासून ज्या दगडाला हात लावावा तो चटका देत होता. हा गार होता. कडा तापलेल्या, पण मधला भाग सावलीतल्यासारखा गार. सरफराजने वर पाहिलं. वर झाड नव्हतं, ढगही नव्हता.

"तो ठेवाचा असते."

त्या बायांतली म्हातारी, मंगली, वावराच्या कडेपर्यंत आली होती. आत पाय टाकला नव्हता.

"कायले ठेवाचा?"

"बसाले."

"कोण बसते?"

मंगलीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "आमी वेचतो तवा एक ठेवतो. सारं वावर कोणी साफ नाई करत."

"तिचं काय ऐकून राह्यला?" भैयाजी धुऱ्यावरून ओरडला. "तिची मजुरी गेली म्हणून बोलून राह्यली ते! घे, तो बी घे!"

"राहू दे ना, सरफू," नूर मोहम्मद सीटवरून म्हणाला. "एकच तर हाय."

खरं तर राहू द्यायला काहीच हरकत नव्हती. पण भैयाजी मोबाइल रोखून उभा होता, चित्रण तालुकाभर फिरणार होतं, आणि त्यात मधोमध एक दगड तसाच राहिलेला दिसला असता. सरफराजचा अभिमान नेमका तिथे आडवा आला. "एक राह्यला त मशीन काय कामाची, भाई? चाल!" म्हणत त्याने हात केला.

फाळ दगडाखाली गेला. ट्रॅक्टरचं नाक उचललं, इंजिन घुसमटलं, दात्यांत कुठेतरी खाडकन आवाज झाला आणि मग सगळं सुरळीत फिरू लागलं. सरफराजने वळून पाहिलं तेव्हा पळसाखाली कोणी नव्हतं. बाया टोपल्या घेऊन पायवाटेने निघाल्या होत्या, आणि एरवी एका मिनिटाला दहा गोष्टी बोलणाऱ्या त्या बायांचा आवाज येत नव्हता.

शेवटचा डाला नाल्यात ओतून दोघे परत निघाले. सरफराज नेहमीसारखा मडगार्डवर बसला होता. घाट लागण्याआधी त्याचं लक्ष भावाच्या सीटकडे गेलं. स्प्रिंग पार तळाला टेकली होती.

"सरफू, मागं कोणी चढलं का रे?"

"नाई. कोण चढणार?"

नूर मोहम्मदने मागे पाहिलं नाही. तो हळूहळू पुढे सरकला आणि सीटच्या कडेवर बसला. भरल्या बसमध्ये शेजाऱ्याला जागा करून देतात, तसा.

घाटाखाली चहाची टपरी होती. नूर मोहम्मद प्लास्टिकच्या खुर्चीत बसला आणि खुर्चीचे चारही पाय बाहेर फाकले. टपरीवाला हसायला गेला. एवढासा माणूस, त्याच्याखाली नवी खुर्ची अशी बसावी! मग त्याने नूर मोहम्मदचा चेहरा पाहिला आणि चहा ठेवून आत गेला.

घरी खाटेची नवार तुटली. दुसरी बांधली, तीही तुटली. नूर मोहम्मद भिंतीशी खाली बसू लागला, मान पुढे, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबलेले. उठायला त्याला दोन माणसं लागायची आणि त्या दोघांचेही हात भरून यायचे. सरफराज यंत्राच्या भाषेत विचार करणारा. त्याने ठरवलं, मणका सरकला असणार. चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी फोटो पाहिला, पुन्हा पाहिला आणि विचारलं, "हे हमाली करतात का? मणके दाबले गेलेत. वरून दाबल्यासारखे."

"ड्रायव्हर हाय, साहेब."

डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, ओझं उचलू नका म्हणाले.

रखरखत्या उन्हात बसथांब्यावर उभं असताना सरफराजने आधार द्यायला भावाच्या खांद्यावर हात ठेवला. बाह्यांवरचा शर्ट तापला होता. खांद्यांवर मात्र तो गार लागला. हा गारवा सरफराजच्या हाताच्या ओळखीचा होता.

"भाई, खरं सांग. काय होऊन राह्यलं तुले?"

नूर मोहम्मद जमिनीकडे पाहत म्हणाला, "उतरून नाई राह्यला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरफराजने ओळखीच्याची गाडी मागून घेतली आणि भावाला पहाडावर नेलं. नाल्यात दगडांचा ढीग तसाच होता. चपटा, पाटाएवढा दिसला की तो उचलायचा, वावराच्या मधोमध नेऊन ठेवायचा, भावाला त्याच्याजवळ उभं करायचं आणि वाट पाहायची. काही होत नव्हतं. सूर्य वर येत होता आणि ठेवलेला प्रत्येक दगड बघता बघता सगळीकडून सारखा तापत होता. भैयाजी धुऱ्यावर आला. सरफराजला आत्ता आठवलं, त्या दिवशीही हा माणूस धुरा सोडून खाली उतरला नव्हता.

"कायले आणलं त्याले इथी?" भैयाजीने मातीचं ढेकूळ उचलून भिरकावलं. ते नूर मोहम्मदच्या पायाशी फुटलं. "माह्या वावरातून गेलं ते गेलं! इथले ट्रॅक्टरवाले कोणी त्या दगडाले हात लावाले तयार नव्हते. तुमी नेलं, आता तुमीच सांभाळा!"

सरफराज त्याच्या अंगावर धावून गेला असता. पण मागे नूर मोहम्मद गुडघ्यांवर कोसळला, आणि त्याच्या गुडघ्यांखालची माती वीतभर खाली गेली.

वाटेने मंगली चालली होती. सरफराजने तिच्यापुढे हात जोडले. "बाई, कोणता व्हता तो दगड? तुमी सांगा."

"मले काय माहीत! आमी का त्याच्याकडे पाहतो?" तिच्या आवाजात दया नव्हती. "आता दगड कायले लागन त्याले? माणूस भेटला ना."

आणि ती चालू लागली.

नूर मोहम्मदचं कपाळ मातीला टेकत आलं होतं. तोंडातून लाळ गळत होती. शर्टाची शिवण खांद्यावर आपोआप उसवत होती, एकेक टाका.

सरफराज त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. मग पाठ करून उकिडवा बसला. लहानपणी भाऊ बसायचा, तसा.

"दगड मीच काढला," तो म्हणाला. "त्याचा काई दोष नाई. इथी ये. माह्यावर बस."

वारा नव्हता.

मागे नूर मोहम्मदने पहिल्यांदा पुरा श्वास घेतला. सरफराजने तो ऐकला.

मग त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंनी उतरत छातीपर्यंत काहीतरी गार आलं आणि तिथे थांबलं.

नूर मोहम्मद सावकाश बरा होत गेला. त्याला सांगायला सरफराजकडे एकच उत्तर होतं: यंत्र ढकलताना कंबर धरली. भावाने ते मानलं नाही, पण विचारलंही नाही. तो रोज येऊन समोर बसायचा आणि रडायचा. सरफराज भिंतीशी बसून असायचा. कहकशाँ त्याच्या पाठीशी आली की तो तिला ओरडायचा, आजवर कधी ओरडला नव्हता असा. पोरगी हिरमुसून आपल्या लाल खुर्चीत जाऊन बसायची. तबस्सुम, त्याची बायको, तिला समजवायची, "अब्बाले बरं नाई वाटून राह्यलं. थोडे दिवस थांब."

एका संध्याकाळी त्याचं लक्ष अंगणातल्या यंत्राकडे गेलं. त्या दिवसापासून ते तिथेच उभं होतं, कोणी चालवलंच नव्हतं. ऊन तिरपं होऊन चाळणीखाली शिरलं होतं आणि दात्यांच्या मागे, जिथे हात घातल्याशिवाय काही दिसत नाही, तिथे चपटं काहीतरी अडकलेलं होतं. त्याला तो खाडकन आवाज आठवला. दगड डाल्यात पडलाच नव्हता. नाल्यात तो सापडणार कसा!

तो हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत यंत्राखाली गेला. दोन दाते पान्याने सैल केले. दगडाची गुळगुळीत बाजू हाताला लागली आणि कित्येक दिवसांनी त्याला हसू आलं. उद्या सकाळी पहाडावर. मधोमध. होता तसा. मग सगळं सुटेल. त्याने जोर लावून ओढलं.

दगड निघाला. दुभंगलेला. एक अर्धुक हातात आलं, दुसरं दात्यांतून निसटून खाली पडलं आणि त्याचा चुरा झाला.

तो मागे सरकून यंत्राबाहेर आला आणि तसाच रांगलेल्या अवस्थेत त्या चुऱ्याकडे पाहत राहिला. मागून छोटे पाय धावत आले.

"घोडा!"

"नको! कहकशाँ, नको..."

ती चढली होती. गळ्याला तिचे हात पडले, कानाशी तिचं खिदळणं आलं. आणि सरफराजची पाठ हलकी झाली. अगदी हलकी, पूर्वीसारखी. पोरीचंसुद्धा वजन लागेना.

खिदळणं थांबलं.

ती पाठीवरून खाली घसरली. तो सावरून उठेपर्यंत ती पाय ओढत अंगण ओलांडून गेली आणि आपल्या लाल खुर्चीत बसली. उन्हाचा शेवटचा पट्टा नेमका तिथे पडला होता. तिच्या फ्रॉकवर ऊन होतं, पायांवर होतं. केसांवर नव्हतं.

"अब्बा," ती म्हणाली, "याले सांग ना."

खुर्चीचे चारही पाय हळूहळू बाहेर फाकत होते.