विरुद्धचा पुरावा

१९८२चा जानेवारी, अमेरिकेतलं ॲन आर्बर. थंडीपासून जीव वाचवायला मी लायब्ररीच्या स्टॉपवर समोर आली त्या बसमध्ये शिरले आणि माझ्या धक्क्याने एका मुलाच्या मांडीवरचे कागद खाली सांडले. सगळ्यांवर रकाने... घटना, मनात आलेला विचार, त्यावर विश्वास किती टक्के, बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा.

"वकील आहेस?" मी विचारलं.

हसला. प्रसन्न, नागपूरचा, सायकॉलॉजी शिकणारा. उदास माणसाचं बालपण वर्षानुवर्षं उकरायचं नाही, आत्ता मनात आलेल्या विचाराला पुरावा मागायचा, अशी नवी उपचारपद्धत निघाली होती म्हणे. जुने प्रोफेसर नाक मुरडायचे. शिकणाऱ्याने आधी स्वतःवर रोज एक फॉर्म भरायचा.

दोन महिने मी त्याच्या शेजारीच बसले. मार्चमध्ये म्हटलं, एक कोरा फॉर्म दे, मीही भरून बघते. त्याने बॅगेतून काढून दिला.

कोरा नव्हता. डिपार्टमेंटमध्ये कुणाला वाचता येऊ नये म्हणून मराठीत लिहिलेला.

'विचार: खरं कळलं की विनीता उठून जाईल. विश्वास: ९५ टक्के. बाजूचा पुरावा: गेल्या वर्षी सहा आठवडे मेंटल वॉर्डात होतो. ठरलेलं लग्न त्यावरूनच मोडलं.' विरुद्धचा रकाना रिकामा.

विनीता म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो हाच... ऊठ. मग संताप आला. आमचे काका लोक पार्टीत बायपासचे टाके कौतुकाने दाखवतात, आणि हे मात्र लपवायचं? आणि माझं उत्तर यानेच परस्पर लिहून टाकायचं?

प्रसन्नला चूक कळली होती. पांढराफटक होऊन त्याने घंटीच्या दोरीकडे हात नेला. "माझा स्टॉप..."

"अजून लांब आहे. बस खाली."

त्याच्या खिशातलं पेन काढून मी रिकाम्या रकान्यात लिहिलं: 'माझं घर लायब्ररीच्या मागेच आहे. ही बस मला लागतच नाही. दोन महिने गोल फिरून परत जाते.'

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. आता धक्का त्याला बसला होता.

"मग पहिल्या दिवशी...?"

"थंडी होती."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"तू होतास."

त्याने माझ्याकडून पेन परत घेतलं. मग त्याने ९५ खोडून १० लिहिलं.

"अजून दहा?"

"खोटा आकडा लिहायचा नसतो, विनीता."

मी हातमोजा काढला आणि त्याचा हात धरला. त्याचा स्टॉप आला, गेला. आम्ही दोघंही उठलो नाही.