सुरुचीच्या दोन वाट्या

अदिबा, आत्ता तू 'इन्स्पिरेशन' म्हणालीस ना, तो शब्द माझ्या भट्टीपाशी काढायचा नाही. वाटी कर, बशी कर, फुटली तर पुन्हा कर. कुठून सुचलं ते मला सांगू नकोस. त्या शब्दाचा मला आधी वीट यायचा, आता भीती वाटते. तो दिवा जरा इकडे सरकव, सांगते.

या खोलीत मी रियाधभरच्या बायकांची हौस भाजून देते. माती मळायला नको, हात मळायला नकोत, पण फोटो हवेत. सुरुची त्यातला अर्क. नवरा विजय ओलाया भागातल्या एका टॉवरमध्ये बसून दिवसभर लोकांना अक्कल शिकवणार, आणि ही इथे येऊन मला. वाटी वाकडी झाली की तिचं नाव 'प्रवास', तडा गेला की 'विरह'. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, बाई, नीट मळली असतीस तर विरह टळला असता.

पण एका दुपारी तिने झाकणाच्या दोन वाट्या भाजायला आणल्या, आणि माझं तोंड बंद झालं. काचेसारख्या गुळगुळीत घोटलेल्या होत्या. तिला तेव्हा सातवा महिना होता. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, नाना डॉक्टर करून राहिलेला गर्भ. त्यांच्यात सातव्यात डोहाळजेवण करतात. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हिला त्यासाठी स्टीलच्या वाट्या चालेनात. शहराबाहेर पाऊस झाल्यावर कोरड्या नदीच्या पात्रातून स्वतः माती खणून आणली होती. बाजारच्या मातीला म्हणे आत्मा नसतो.

मी वाट्या भाजल्या. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली आणि ओल्या मातीचा वास आला. तापलेल्या भट्टीत ओल कुठून राहणार? भाजलेल्या मातीला पाणी पडल्याशिवाय तसा वास येतच नाही. मी वाट्या पुसल्या, हुंगल्या, पुन्हा पुसल्या. वास जाईना. आपलंच नाक बिघडलं असेल म्हणून मी त्या देऊन टाकल्या.

डोहाळजेवणाला मलाही बोलावलं होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि वाट्या उघडायच्या आधी भाषण. वाळवंटाने तिला कशी हाक मारली वगैरे. बायका ऐकल्यासारखं करत होत्या, डोळे पुरणपोळीकडे. शेवटी एकदाची तिने वाटी उघडली.

आत माती होती. ओली, काळपट, काठोकाठ भरलेली.

सगळ्या हसल्या. विजयची बहीण अर्चना, जिने वाट्या भरल्या होत्या, ती मात्र हसेना. मी पेढा ठेवला होता गं, मी स्वतः ठेवला होता, एवढंच म्हणत राहिली. सुरुचीने दुसरी वाटी उघडली. तीतही माती. आणि तोच वास. बायकांचे मोबाइल अजून चालूच होते, धन्य त्यांची.

मी सुरुचीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. वाट्या घोटल्यास कशाने, ते आधी सांग म्हटलं. तिने खणातून दोन चपटे दगड काढले.

"तिथे अशा दगडांच्या ओळीच आहेत आपा, जोडीजोडीने. निसर्गानेच मांडल्यासारख्या. मला तिथेच सुचलं सगळं."

"जोडीतल्या दोन दगडांमध्ये अंतर किती होतं?"

तिने ओट्यावर दोन हात धरून दाखवलं. हातभर, फार तर दीड हात.

या अल्ला... इतकी वर्षं या मुलखात राहून ही बाई मॉलच्या बाहेर काही शिकली नव्हती. इथे कबरीवर नाव नसतं, बांधकाम नसतं. डोक्याशी एक दगड, पायाशी एक, बस्स. आमच्या बाणकोटचं शेंबडं पोरही ओळखेल. आणि दीड हातात मोठं माणूस मावत नाही.

"मेलं तुझं इन्स्पिरेशन," मी म्हटलं. "लेकराच्या कबरीचे दगड उचलून आणलेस तू."

तिचा हात पोटावर गेला. माझ्या बाळाला काही होणार नाही ना आपा, असं तिने तीनदा विचारलं. उद्या दगड जागच्या जागी ठेवून येऊ, एवढंच मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच निघालो. विजय गाडी चालवत होता आणि सच्छिद्र माती हवेतला ओलावा कसा शोषते ते मला, भट्टीवालीला, समजावत होता. मी मांडीवर ते दगड घेऊन बसले होते. दगड गार होते. बाहेर एवढं ऊन, तरी गार.

पात्रात छोट्या छोट्या कबरी होत्या, प्रत्येकीला दोन दगड. वारा नव्हता. आमच्या चपलांचाच आवाज. सुरुचीने दगड उचललेली कबर शोधावी लागली नाही. लांबूनच वास आला.

ती उघडी होती. आत काही नव्हतं... चिंधीसुद्धा नाही. खणणारा माती एका बाजूला टाकतो. इथे ती चारही बाजूंना सांडली होती, आतून कुणी ढकलल्यासारखी.

विजयचं शहाणपण तिथे संपलं. दगड ठेवू आणि जाऊ, खलास, असं तो पुटपुटला. ठेवणार कुणाच्या डोक्याशी? मी दगड काठावर ठेवून दिले, येत होती ती दुआ म्हटली आणि वळले. सुरुची पोट धरून उभी होती.

"आपा... आत हलत नाहीये. मघापासून."

तिथून तडक हॉस्पिटल. गाडीत विजय रडत होता, आणि खरं सांगते, त्या माणसाची मला पहिल्यांदाच कीव आली. डॉक्टर किशोरी सातारच्या, सुरुचीची पहिल्यापासूनची तपासणी त्यांनीच केलेली. त्यांनी पोटावर यंत्र फिरवलं. खोलीत धडधड ऐकू आली आणि विजयने डोळे पुसले.

"आहेत, दोघंही आहेत," डॉक्टर म्हणाल्या, आणि स्वतःच थांबल्या.

आजवर एकच होतं. प्रत्येक तपासणीत एकच. त्यांनी दिवा मालवला, यंत्राचा पडदा जवळ ओढला, पुन्हा पुन्हा मापं घेतली. सुरुची पडद्याकडे बघून हसत होती. तिला भीती वाटत नव्हती, तेच मला बघवेना. डॉक्टर मला दाराशी घेऊन गेल्या. आवाज अगदी खाली आला होता.

"एक नीट सात महिन्यांचं आहे. दुसऱ्याचं मला कळत नाहीये, हलिमाताई... त्याला दात आहेत."