आधी आलेला आवाज

शहराच्या कडेला, देवळाईच्या पुढं, जिथं डांबर संपतं आणि प्लॉटिंगचे चुना मारलेले दगड सुरू होतात, तिथं द्वारकाचं घर होतं. पुढं दोन खोल्या, मागं एक अर्धवट तिसरी. लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची पाळी आली, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. इकडं हे शहर मात्र वाढायचं थांबत नव्हतं. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, पण नव्या भिंतींवर मारायला कुठून तरी मिळत होतं.

रविवार होता. उस्मानपुऱ्यातून कॉम्प्युटरवाला ओवैस आला होता आणि मागच्या खोलीत पोतं अंथरून त्यानं जुना सीपीयू उघडा केला होता. कुठल्याशा कंपनीनं भंगारात काढलेलं मशीन होतं ते. द्वारकाचा नवरा कडुबा वाळूजला ठेकेदाराकडं कामाला होता, आणि लग्नसराईत बँडमध्ये गायचा. त्याचा आवाज ऐकून वैजापूरचा एक मोबाईल दुकानदार म्हणाला होता, आखितीच्या, अक्षय्य तृतीयेच्या आत एक गाणं स्वच्छ रेकॉर्ड करून आण, गिऱ्हाइकाच्या प्रत्येक मेमरी कार्डात भरतो. तेव्हापासून कडुबाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"गातो मी आत्ता, अन् हेडफोनमधी माझाच आवाज मागून येतो," कडुबा सांगत होता. "जणू पाठीशी दुसरा कडुबा उभा हाये. ताल धरावा कसा?"

"मशीन बूढी हो गई, भाई," ओवैस म्हणाला. "सुनती, सोचती, फिर बोलती. सास जैसी."

"आमच्या सासूबाई सोचत नव्हत्या, भाऊ," लहानग्या लेकीला, मनूला कडेवर घेऊन दारात उभी असलेली द्वारका म्हणाली. "थेट बोलायच्या."

तिघंही हसले. मनूला काय कळलं कोण जाणे, तीही हसली. तिला बसता येत होतं, रांगता येत होतं, अजून बोल फुटले नव्हते.

ओवैसनं रॅम वाढवली, डिस्क बदलली, पंखाही नवा बसवला. जुन्या पंख्याची घरघर गिरणीसारखी होती. ती बंद झाली आणि खोली एकदम गप्प झाली. कडुबानं हेडफोन लावून एक तान घेतली. आवाज तिथल्या तिथं कानात. तो खुश झाला. पण तान थांबली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हूंऽऽ येतंय कायतरी."

इतके दिवस पंख्याच्या घरघरीत ते बुडालं होतं. जाड, संथ आवाज. यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. फ्रीज बंद केला, छताचा पंखा बंद केला, तरी हूंऽऽ तसाच. शेवटी तो सापडला मनूला. ती रांगत पलंगामागं गेली. कोपऱ्यात फरशीतून वीतभर सिमेंटची नळी वर आली होती. मनूनं तिच्यावर वाकून तोंड नेलं आणि खिदळली. तिचं जावळ हळूच उडालं. मग हळूच, उलट्या बाजूनं, नळीत ओढल्यासारखं झालं.

"जुना ड्रेनेज असंल," कडुबा म्हणाला. त्यानं आईची विरलेली वाकळ फाडली, काठीनं नळीत ठोसून भरली, वर फोम लावला आणि चिकटपट्टीनं गुंडाळून टाकलं.

हूंऽऽ थांबला.

खोली आधीच त्यानं बंदिस्त करून ठेवली होती. चारही भिंतींवर वाकळी टांगलेल्या, खिडकीला फळी आणि फोम, दाराच्या कडेनं रबराची पट्टी. "आतला आवाज भाईर जानार नाय, भाईरचा आत येनार नाय," तो अभिमानानं म्हणायचा. द्वारकाला त्या खोलीत गेलं की कोणी कानात कापूस कोंबल्यागत वाटायचं.

ओवैस गेल्यावर कडुबानं हेडफोन तिच्या डोक्यावर चढवले, माईक पुढं केला. "बोल कायबी."

द्वारका लाजली. काय बोलावं? तेवढ्यात कानात तिचा स्वतःचा आवाज आला, "मनू, ये गं." तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "मनू, ये गं."

तिनं हेडफोन कानांवरून ओढले.

"अहो… आधी आलं हे. मी बोलायच्या आधी."

"मग तर मशीन लईच जलद झालं!" कडुबा टाळी देऊन हसला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. हंड्यांच्या रांगेत लीलाबाई शेजारी उभी राहिली. ही सगळी प्लॉटिंग एकेकाळी लीलाबाईचं शेत होतं. विकून झालं, नवरा गेला, तरी म्हातारी बांध फिरावा तशी गल्ल्यांतून फिरायची.

"लेकरू कुठं निजवती गं?" तिनं विचारलं.

"पुढच्या खोलीत, आत्याबाई. मागं ह्यांचं गाण्याचं सामान हाये."

"मागं नळी हाये बघ एक. ती उघडी ठेव."

द्वारका तिच्याकडं वळली. "कसली नळी?"

"तिथं आमची पान्याची हीर व्हती बाई. प्लॉटवाल्यानं बुजवली. हीर बुजवायची तर तिला श्वासाला वाट ठिवावी लागती. आमच्या मालकानं भांडून नळी ठिवायला लावली. घर बांधणाऱ्यालाबी बजावलं व्हतं." लीलाबाईनं हंडा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला घेतला. "पाणी गेलं म्हनून हीर मरत नसती. तिचा श्वास कोंडला, की ती दुसऱ्याचा घेती."

संध्याकाळी द्वारकानं हे नवऱ्याच्या कानावर घातलं. त्यानं पुढचा घास घेतला.

"आखिती तोंडावर आलीय. गानं झालं की काढतो बोळा. तुला नळीचं पडलंय, मला जल्मभर ठेकेदाराची चाकरी करायची नाय." मग आवाज मऊ करून म्हणाला, "मी ड्यूटीला गेलो की कानाला लावून बघत जा तेवढं. हूंऽऽ परत येतंय का ते."

सातवीतून शाळा सुटली तेव्हापासून द्वारकाला एकच विद्या नीट आली होती: सांगितलं ते करायचं आणि मनातल्या मनात घाबरायचं. दुपारी मनू झोपली की ती मागच्या खोलीत जाई. दारात उंबऱ्यावर एक पाय ठेवून हेडफोन लावी. हूंऽऽ येत नसे. पण दुसरं यायचं.

पहिल्यांदा पातेलं पडल्याचा आवाज आला. ती धावत स्वयंपाकघरात गेली. सगळी भांडी जागच्या जागी होती. हुश्श करून तिनं पातेलं उचललं आणि ते हातातून सुटलं. तसंच पडलं, तसाच गिरक्या घेत घेत थांबलेला आवाज.

मग एका दुपारी टँकरचा हॉर्न ऐकू आला. बाहेर रस्ता मोकळा, ऊन नुसतं. टँकर आला तो दिवेलागणीला. त्यानं तोच हॉर्न वाजवला, मध्ये एकदा अडकून.

आवाज आधी यायचा, आणि दर खेपेला जरा जास्त आधी.

आणि मग एक दिवस… तिनं हेडफोन लावले आणि स्वतःला ऐकलं.

"दार उघडा… कुनी हाये का… दार उघडा हो…"

आवाज तिचाच होता. घसा फाटलेला, दम संपत आलेला. त्यामागं लेकरू रडत होतं. रडणं मध्येच अडकायचं, शेळीच्या करडासारख्या तीन बारीक उचक्या यायच्या, मग पुन्हा सूर लागायचा. मनू काही अशी रडत नाही, असं द्वारकाच्या मनात आलं. पण मशीनमधून गाळून आलेलं रडणं तसंच लागत असेल. पुढं उचक्या लांबल्या. मग फक्त तिचा आवाज राहिला. मग तोही नाही.

तिनं हेडफोन फेकून दिले. रात्री कडुबानं ते लावून बघितले, बराच वेळ.

"काय बी नाय गं. झोप नाय तुझी धड."

"बोळा काढा, मी पाया पडते."

"परवा गानं पुरं होतंय. फक्त परवा."

तिच्या हातात होतं तेवढं तिनं केलं. मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली, कडीला परकराची नाडी बांधली. मनूला घेऊन तिकडं फिरकायचंच नाही. आत गेलोच नाही, तर दार उघडा म्हणायची वेळ येईलच कशी?

गाणं पुरं व्हायच्या दिवशी कडुबा सकाळीच खोलीत बसला. दुपारी घामानं भिजलेला बाहेर आला, चेहरा उजळलेला. "झालं! मशीन चालूच ठिवलंय, आल्यावर बघतो." घाईघाईत डबा घेतला आणि दुसऱ्या पाळीच्या ड्यूटीला गेला. कडी घालायची राहिली, नाडी दाराशी तशीच पडली होती.

थोड्या वेळानं टँकरचा हॉर्न वाजला. चार दिवसांनी आलेलं पाणी. हुकलं तर पुन्हा चार दिवस. मनू झोळीत गाढ झोपली होती. द्वारका हंडा घेऊन धावली. परत आली तेव्हा झोळी रिकामी हलत होती.

मागचं दार अर्धवट उघडं होतं.

मनू आत, नळीपाशी बसलेली. चिकटपट्टीचं टोक बोटांनी उकरत होती. "मनू, ये गं," द्वारका उंबऱ्यावरूनच म्हणाली. मनूनं मागं वळूनही पाहिलं नाही. द्वारकानं हंडा खाली ठेवला. तिनं श्वास घेतला आणि आत पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, मनूला उचललं.

मागं दार आपटलं नाही. वाराही नव्हता. डब्याचं झाकण बसावं तसं ते हळूच येऊन बसलं.

तिनं ढकललं. खांदा लावला. बाहेरच्या बाजूनं कुणी सगळं अंग टेकून उभं असावं तसं दार घट्ट. कडी लागल्याचा आवाज तर आला नव्हता. अंधारात मशीनचा हिरवा दिवा तेवढा जळत होता. त्याच्या उजेडात तिनं भिंतींकडं पाहिलं. टांगलेल्या वाकळी भिंतीपासून सुटून फुगल्या होत्या. सगळ्यांचे पदर एकाच दिशेला ओढले जात होते. कोपऱ्याकडं… फरशीकडं…

छातीत हवा पुरेना. दारापलीकडं, अंगणापलीकडं, टँकरपाशी बायका भांडत होत्या, लीलाबाई होती, सगळी गल्ली होती. एक हाक मारली असती तर! द्वारकाच्या घशापर्यंत शब्द आला, "दार…"

आणि तिला आठवलं.

तिनं पालथा हात तोंडावर दाबला. आपण ते बोललो, की पुढचं सगळं त्याच क्रमानं येणार. रडणं. उचक्या. मग काहीच नाही. बोलायचं नाही. जीव गेला तरी ते शब्द बोलायचे नाहीत. मनू तिच्या खांद्यावर तोंडाची उघडझाप करत होती, पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखी. ती रडत नव्हती. रडायलाही हवा लागते.

द्वारका गुडघ्यावर बसली. नखांनी पट्टी फाडली. एक नख मुळापासून गेलं. फोम निघाला. आत वाकळ दगडासारखी बसली होती. तिनं वाकून ती दातात धरली. सासूच्या जुन्या लुगड्याचा, खोबरेल तेलाचा, घामाचा वास नाकात भरला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. ओढलं… पुन्हा ओढलं… चिंधी सुटली, मग तिच्यामागून लांबच लांब चिंधी येतच राहिली. काठीनं कोंबली होती त्याहून कितीतरी जास्त. शेवटचं टोक निघालं ते ओलं होतं.

हूंऽऽऽ

खोलीभर श्वास भरला. गार, शेवाळाचा, काठोकाठ भरलेल्या पाण्याचा वास. त्या कोरड्या ठणठणीत उन्हाळ्यात. वाकळी भिंतींना जाऊन चिकटल्या. मागं दार आपोआप सुटलं आणि दुपारचं ऊन लांब पट्ट्यासारखं फरशीवर आलं. मनूचं जावळ उडत होतं आणि ती नळीकडं बघून हसत होती.

कडुबानं रात्री तिची बोटं पाहिली, ओली चिंधी पाहिली, आणि मशीन बंद करून टाकलं. ते गाणं वैजापूरला गेलंच नाही. ओवैस येऊन मशीन घेऊन गेला. "इसमें कुछ बी नई है भाभी," म्हणाला, पण मशीनचा डबा अंगापासून लांब धरून. महिन्याभरात त्यांनी शहरात, भर वस्तीत, एक खोली भाड्यानं घेतली. द्वारकानं तिच्या दाराची आतली कडी काढून टाकली. शेजारणी हसायच्या. हसू देत. तिला माहीत होतं, आपण जिंकलो. ते शब्द आपण बोललोच नाही.

दोन वर्षांनी तिला मुलगा झाला. नर्सबाईनं दुपट्यात गुंडाळून कुशीत दिला. काळाभोर, मुठी वळलेला. कडुबा खाटेपाशी वाकून वाकून बघत होता.

"रडू दे की जरा," तो म्हणाला. "गळा बापाचा हाये का बघू."

आणि पोरगं रडलं. सूर लावला, मध्येच अडकला. शेळीच्या करडासारख्या तीन बारीक उचक्या आल्या. मग पुन्हा सूर.

द्वारका उठून बसली.

बाहेर वारा सुटला होता. नर्सबाई वॉर्डाच्या टोकाला गेली आणि बाळंतिणींना गार लागू नये म्हणून दार लोटू लागली. द्वारकाला सांगायचं होतं, दार राहू द्या बाई, असू द्या तसंच… पण जिभेवर आला तो पहिला शब्द तिनं ओळखला, आणि पालथा हात तोंडावर दाबला.

"काय गं? काय पायजे?" कडुबा विचारत राहिला. "बोल की."

तिनं हात काढला नाही. पलीकडं दार हळूच, डब्याचं झाकण बसावं तसं, बसलं.