सिस्टरांचा कोरा पडदा

सन २०४६ च्या उन्हाळ्यात, बालाघाटच्या डोंगराखालच्या एका तालुक्याच्या रुग्णालयात, नवजात बाळांच्या कक्षातला पडदा दिवसेंदिवस कोरा होत चालला होता. याला आपली जीभच कारणीभूत आहे, याबद्दल इन्चार्ज सिस्टर सुगंधा वाघचौरे यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

हा संगणकाचा पडदा तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून मैथिली दाणी नावाच्या अभियंता मुलीने आणून बसवला होता. तिच्या पद्धतीला ती क्षणबांधणी म्हणे. एरवी अशी प्रणाली शहरातल्या थंडगार खोलीत दोन वर्षं बनते आणि मग परिचारिकांच्या गळ्यात मारली जाते. मैथिलीने उलट्या टोकाने सुरुवात केली. अर्धीकच्ची प्रणाली तिने थेट बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरशेजारी मांडली आणि सांगितलं, आता हिला मनसोक्त नावं ठेवा. पडद्यावरचा अडखळमापक समोरच्याची नजर कुठे थबकते, बोट कुठे घुटमळतं, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटलं जातं ते टिपायचा, आणि पाव तासात प्रणाली स्वतःला नव्याने बांधून घ्यायची.

नावं ठेवण्यात सुगंधा सिस्टरांचा हात धरणारं त्या जिल्ह्यात कुणी नव्हतं. "हे वजन काय विचारत बसलंय? आधी लेकराचा पाय हातात घेऊन बघायचा असतो," असं त्या पहिल्याच दिवशी करवादल्या, आणि पाव तासाने पडद्यावर पाय वर गेला, वजन खाली आलं. सिस्टर चाटच पडल्या. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं म्हणणं त्याच दिवशी कुणी मनावर घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मग काय, त्यांना चेवच आला. दिवसाला चाळीस-चाळीस तक्रारी होऊ लागल्या.

तिसऱ्या महिन्यात मात्र पडद्यावरून एकेक गोष्ट नाहीशी होऊ लागली. आधी सूचना गेल्या, मग रकाने गेले. शेवटी उरला तो कोपऱ्यातला एक हिरवा ठिपका, प्रणाली चालू असल्याची खूण म्हणून.

सिस्टर महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी शिक्षण संपवून नुकत्याच आलेल्या सहा मुलींवर कक्ष सोपवायचा होता. लवकरच तपासणीला येणाऱ्या समितीने पडदा मंजूर केला तर तो त्या मुलींच्या हाताशी राहणार होता, शिवाय आणखी चाळीस लहान रुग्णालयांत जाणार होता. नामंजूर झाला तर जुनी छप्पन रकान्यांची प्रणाली परत येणार होती. ती भरता भरता बाळाकडे बघायला उसंत मिळत नसे, आणि तेवढ्यात काय होऊन बसतं हे सिस्टरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या किरकिरीने त्या सहा पोरींचा आधार पुसून टाकला, असं त्यांना वाटू लागलं.

त्यांनी मैथिलीला विचारलं, तर तीही हवालदिल झालेली. प्रणालीने स्वतःला नऊ हजार वेळा बांधलं होतं. तिच्या पोटात काय उरलंय हे आता कुणालाच वाचता येत नव्हतं. स्वतः पडद्यासमोर बसून बघावं, तर क्षणबांधणीचा पहिलाच नियम आडवा येई: बनवणाऱ्याने वापरणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं नाही, नाहीतर प्रणाली त्याच्याच सवयी उचलते. इतर मुलींचा तर प्रश्नच नव्हता. बाकीच्यांनी वॉर्मरपाशी उभं राहून आकडे सांगायचे आणि इन्चार्जने नोंदवायचे, ही त्या कक्षाची जुनी रीत. ती खुर्ची सिस्टरांची होती, आणि तिच्यात दुसऱ्या कुणी बसावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

समिती सकाळी दहाला आली. अध्यक्ष उद्धव खरोसे संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि फसव्या प्रयोगांवर त्यांचा फार राग. सिस्टर खुर्चीत बसल्या. चार नंबरच्या बाळाचा श्वास मंदावल्याचं कळताच त्यांनी हात लांब करून त्याचा तळपाय चोळला, बाळाने श्वास घेतला. पडद्यावर काहीही उमटलं नाही.

"अडखळण्याचा आकडा किती?" खरोसे सरांनी विचारलं.

"शून्य, सर. गेले सव्वीस दिवस," मैथिली म्हणाली.

"शून्यच येणार. समोर काही नसेल तर माणूस अडखळेल कशाला?"

मैथिलीचा चेहरा उतरला, पण ती मागे सरली नाही. "सर, मी हिला दोनच नियम दिलेत. समोरच्याला न सांगता जमतं ते दाखवायचं नाही. न सांगता अडेल ते दाखवल्याशिवाय राहायचं नाही."

"समोरच्याला म्हणजे कुणाला?"

"वापरणाऱ्याला. म्हणजे, कक्षाला..." मैथिली बोलता बोलता थांबली.

खरोसे सरांनी चष्मा पुसला आणि सिस्टरांना अदबीने म्हणाले, "जरा उठता का?"

ते खुर्चीत बसले. त्यांची नजर बाळावरून नळीवर, नळीवरून आकड्यांवर भटकली, आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरून आला.

आधी हात धुऊन या. पाय गार आणि पोट ऊबदार, म्हणजे लेकरू कुडकुडतंय; ते रडून सांगणार नाही. पोट फुगलं तर दूध थांबवा आणि डॉक्टरांना हाक मारा, वाट बघत बसू नका. आईला बाहेर ताटकळत ठेवू नका, तिच्या छातीशी दिलं की निम्मं काम होतं.

असं ते पानामागून पान सरकत होतं. सिस्टर मागे उभ्या राहून वाचू लागल्या. एकेक ओळ त्यांचीच होती, त्यांच्याच शब्दांत, कधी दमाने तर कधी चिडून म्हटलेली. काहीच पुसलं गेलं नव्हतं. त्यांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा असा अभिमान वाटला की त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि डोळ्यांतलं पाणी लपवलंही नाही.

मैथिली त्यांच्याकडे बघून हसत होती आणि रडतही होती. खरोसे सर निमूटपणे उठले आणि हात धुऊन आले. मग त्यांनी विचारलं, नव्या मुलींसमोर हा पडदा कोरा व्हायला किती काळ लागेल?

सिस्टरांनी दारात दाटीने उभ्या असलेल्या त्या सहा जणींकडे पाहिलं.

"मला हे शिकायला वीस वर्षं लागली, साहेब," त्या म्हणाल्या. "पण मला सांगायला कुणी नव्हतं."