गुरुवारचं माप

ही घटना खरी आहे. माझ्या मामेभावाच्या बाबतीत घडली. ज्यांच्या डोळ्यांसमोर घडली ते भिमाजी आजही तळवड्यात आपल्या शेडमध्ये रंधा मारत बसलेले असतात.

आधीच सांगून ठेवतो. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, रात्रही नाही.

गेल्या वर्षीची दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्या मधला गुरुवार. दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन.

तरीसुद्धा हे लिहायला मी घरातले सगळे जागे असतानाच बसलोय.

माझा मामेभाऊ जयदीप कासारवाडीला राहतो. नोकरी चाकणच्या एका कंपनीत. पण काय करतोस विचारलं, तर तो नोकरीचं सांगायचाच नाही. "सयाजीच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो," असं सांगायचा. हळद असो, जत्रा असो, ती चार तारांची, घुमणाऱ्या आवाजाची बेस गिटार त्याच्या गळ्यात. बेस कुणाला ऐकू येत नाही, पण तो थांबला की नाचणारे थांबतात, असं म्हणायचा. त्याचा त्याला फार अभिमान होता.

अडीच वर्षांपूर्वी कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

अनामिका आणि करंगळी.

आमच्या भागात हे नवं नाही. कंपनीच्या बसमध्ये नजर फिरवलीत तर असा एखादा हात दिसतोच. पण जयदीपला त्याची भयंकर लाज वाटायची. कंपनीने त्याला स्टोअरला बसवलं आणि त्याचा डावा हात खिशात गेला तो गेलाच. लग्नात खिशात, फोटोत खिशात. बायकोसमोर, दिपालीसमोरसुद्धा उशीखाली. गेलेल्या बोटांना मधूनच खाज सुटते म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, होतं असं, घाबरू नका.

उरलेल्या दोन बोटांनी नेहमीचा बेस वाजेना. पण गिटारची दांडी अरुंद आणि आखूड करून घेतली तर जमेल, असं त्याला कुणीतरी सांगितलं. म्हणून तो भिमाजींकडे गेला.

भिमाजी तळवड्याचे जुने गावकरी. भोसरीच्या एका फौंड्रीत अठ्ठावीस वर्षं पॅटर्न मेकर होते. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो बनवणारा माणूस. केसाएवढा फरक चालत नाही त्या कामात. रिटायर झाल्यावर ते स्वतःच्या शेडमध्ये गिटारी बनवायला लागले. वर्षाला चार-पाच. काम एकदम साफ. फक्त कधी मिळेल ते विचारायचं नाही.

त्यांचा एक नियम होता.

"हाताचं माप घेतल्याबिगर मी दांडीला रंधा लावत न्हाई. कागदावर हात ठिवा, मी कडंनं पेन्सिल फिरवतो."

जयदीपने हात खिशातून काढला नाही.

"बँडेज आहे काका हाताला. माप नंतर देतो. तोवर दांडी अरुंद धरून चला."

सरळ सरळ खोटं बोलला.

"बरं. मग कवाबी गुरुवारचं या," भिमाजी म्हणाले. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. लाईट नसते, मशिनी बंद. सगळं हातकाम ते त्या दिवशी करतात.

जयदीपची सुट्टी रविवारी. तो गुरुवारी कधी गेलाच नाही.

ही जानेवारीतली गोष्ट.

अक्षय तृतीयेला बेस मिळणार होता. नाही मिळाला. मग पाऊस, लाकूड ओलं. मग गणपती. जयदीप दर दोन-तीन रविवारी बाईक काढून तळवड्याला जायचा आणि तोंड पाडून परत यायचा.

"काका, झाला का?"

"व्हत आला व्हता की. पर तुमीच दांडी रुंद करायला सांगितली."

"मी?"

"मंग काय मी? गुरुवारी आलता न्हवं का."

जयदीपला वाटलं, म्हातारा थापा मारतोय. मलाही तेच वाटलं. शिंपी घ्या, सुतार घ्या, फर्निचरवाला घ्या. काम झालं नाही की चूक गिऱ्हाइकाची. जयदीपने शांतपणे पुन्हा सांगितलं, "काका, अरुंद. अ-रुं-द."

दसऱ्याला गेला तर...

"करंगळीला जागा पायजे म्हणाला तुमी. समदी दांडी नव्यानं केली बगा."

जयदीपचं डोकंच फिरलं. करंगळी? ह्यांना कुणी सांगितलं? मुद्दाम चेष्टा करतायत?

"मी आलोच नव्हतो! गुरुवारी मी चाकणला असतो! हजेरी पंच केलेली असते माझी!"

भिमाजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"जयदीपराव, तुमचं मला काय कळत न्हाई बगा. गुरुवारी येता तवा किती गुणाचं वागता. आन् रविवारी आलं की खिशात हात घालून भांडता."

त्या दिवशी त्याने मला फोन करून तासभर डोकं खाल्लं. मी म्हटलं, सोड ना, दुसरीकडे बनव. तर माझ्यावरच खेकसला. "म्हणजे परत पहिल्यापासून थांबू?"

त्यातच सयाजीचा निरोप आला. सयाजी वाईट माणूस नाही, पण ऑर्केस्ट्रा चालवायचा म्हणजे भीड धरून चालत नाही.

"जयदीप भावा, तुळशीचं लग्न होईपर्यंत वाट बघतो. हळदीच्या तारखा सुरू झाल्या की आपला कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस धरंल. आता सगळीकडं तसंच चालतं, राव."

म्हणजे बेस वाजवणारा माणूसच नको. जयदीप त्या रात्री जेवला नाही. दहा महिने थांबून बेसही नाही आणि आता जागाही जाणार.

मग त्याने ठरवलं. गुरुवारी हाफ डे टाकायचा आणि भिमाजींना रंगेहाथ पकडायचं. बघू कोण येतं ते.

साडेतीनला तो तळवड्यात पोहोचला. गुरुवारची एमआयडीसी तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो... एरवी कानठळ्या बसतात, आणि गुरुवारी शटर बंद, गल्ली रिकामी. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

आणि त्या शांततेत...

बेस वाजत होता.

ॲम्प्लिफायर नव्हता, लाईटच नव्हती. नुसता लाकडातून येणारा दबका आवाज. जयदीप बाईकवरून उतरला आणि जागच्या जागी थांबला.

हळदीच्या पहिल्या गाण्याआधी तो नेहमी एक तुकडा वाजवायचा. स्वतः बसवलेला. त्यात शेवटी करंगळी लांब ताणावी लागते. कीबोर्डवाल्याला, सयाजीला, कुणालाही तो जमत नसे.

तोच तुकडा.

शेवटपर्यंत.

एकही सूर न चुकता.

जयदीप म्हणतो, भीती नंतर वाटली. आधी मत्सर वाटला. कोण आहे हा, माझ्या बेसवर माझं वाजवणारा?

तो खिडकीशी पोहोचेपर्यंत आवाज थांबला होता.

आत भिमाजी एकटेच.

बेस कपड्यावर आडवा ठेवलेला. तारा अजून थरथरत होत्या. टेबलासमोर एक स्टूल... रिकामं. भिमाजींनी टेबलावर कागद पसरला, कानावरची पेन्सिल काढली आणि वाकून माप घ्यायला लागले.

कागदावर काहीच नव्हतं.

तरी पेन्सिल फिरत होती. अंगठ्याच्या कडेने वर, मग खाली. पुन्हा वर. सावकाश. मधे हात असावा तशी...

"करंगळी जरा फाकवा. हां... हलू नका."

आणि त्याच क्षणी खिशातल्या हाताला काहीतरी लागलं.

पेन्सिलीचं टोक.

नसलेल्या अनामिकेच्या कडेने वर गेलं. नखावरून वळलं. खाली आलं. मग करंगळीला लागलं... आत भिमाजींचा हात जसा सरकत होता, अगदी तसंच.

जयदीप ओरडला. काय ओरडला ते त्याला आठवत नाही.

भिमाजींनी दचकून खिडकीकडे पाहिलं. मग स्टुलाकडे. मग पुन्हा खिडकीकडे. त्यांच्या हातातली पेन्सिल गळून पडली.

"तुमी... आत्ता हितं बसला व्हता की..."

जयदीप आत गेला. कागद उचलला. रेघ पुसट नव्हती, चांगली ठसठशीत होती. पाच बोटांचा डावा हात. करंगळी जरा बाहेरच्या बाजूला वाकडी.

ती करंगळी मी ओळखतो. लहानपणी विटीदांडू खेळताना विटी माझ्याच हातून लागली होती. हाड वाकडंच बसलं.

भिमाजींनी खिळ्याला अडकवलेले जुने कागद काढून दिले. फौंड्रीची सवय, प्रत्येक मापावर तारीख आणि सही. सात कागद. सगळे गुरुवार. पहिला जानेवारीतला, ऑर्डर दिल्यानंतरचा पहिलाच. प्रत्येकावर पाच बोटं.

आणि तेव्हा जयदीपच्या लक्षात आलं... ती खाज. ती गुरुवारीच सुटायची. स्टोअरला, दुपारच्या चहाच्या आसपास.

त्याने हळूच डावा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा, परक्या माणसासमोर.

भिमाजींनी वाकून तो हात जवळून पाहिला.

"प्रेस?"

"हो."

"आरं मंग आधी सांगायचं न्हाई का, लेकरा? आमच्या आळीत निम्म्यांची बोटं न्हाईत. लाजायचं काय त्यात?"

जयदीप रडायला लागला. भिमाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी नवा कागद घेतला आणि खऱ्या हाताचं माप काढलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"आता सांगा. ह्यातल्या कुठल्या हाताचा करू?"

जयदीपने तीन बोटांच्या कागदावर आपला हात ठेवला.

"ह्याचा," तो म्हणाला.

दहा महिने जे झालं नाही ते अकरा दिवसांत झालं. नवी अरुंद दांडी त्याच बेसला बसली. पहिल्या हळदीला जयदीप स्टेजवर होता, दोन बोटं आणि अंगठा, हात सगळ्यांसमोर. मी स्वतः गेलो होतो. त्याचा तो खास तुकडा त्याने वाजवला नाही. बाकी सगळं झकास. सयाजीने त्याला मिठी मारली. दिपाली रडत होती आणि हसतही होती.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

भिमाजींकडे ती रुंद दांडी तशीच उरली होती. जयदीप म्हणाला, जाळून टाका. भिमाजी कबूल होईनात.

"माप घेतलंय, तारीख टाकलीय. अर्धं काम ठिवायची मला सवय न्हाई."

त्यांनी त्या दांडीला गिटारचं दुसरं धड केलं, तारा लावल्या, पॉलिश केलं. बेस पुरा झाला.

जानेवारीतल्या एका गुरुवारी जयदीप स्टोअरला असताना त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"घिऊन गेले."

"कोण?"

"तुमीच... म्हंजी ते. उठले, गळ्यात अडकवला. खूश दिसले. मी इचारलं, आता कुठं?"

जयदीपने समोरचं रजिस्टर मिटलं.

"काय म्हणाले?"

"घरी जातो म्हनले."

तो तसाच निघाला. घरी आला तर दिपाली भाजी निवडत बसलेली. कुणी आलं नव्हतं. काही झालं नव्हतं.

पण त्याने सुट्टी बदलून घेतली. आता गुरुवारी तो कामाला जात नाही. दिपालीला सकाळीच आकुर्डीला आईकडे सोडतो आणि दार आतून लावून दिवसभर बसतो. भिमाजींच्या शेडमध्येही आता गुरुवारी कुणी येत नाही.

मी त्याला विचारलं, "इतकी भीती वाटते?"

"भीती वाटतेच," तो म्हणाला. "पण तो जसा वाजवतो ना, तसं मला आता जन्मात जमणार नाही. ती माझीच बोटं आहेत रे. तो दारात आला तर मीच उठून दार उघडीन... त्याचीच मला जास्त भीती वाटते."

म्हणून गेल्या गुरुवारी मी त्याच्यासोबत थांबलो. सोफ्यावर शेजारी शेजारी बसून आम्ही मॅच बघत होतो.

चारच्या सुमाराला बेल वाजली.

एकदाच.

जयदीपने टीव्ही बंद केला. दाराबाहेर पावलं नव्हती, बोलणं नव्हतं. मग... अगदी हळू, लाकडातून येणारा आवाज. तोच तुकडा. मी तो शंभर वेळा ऐकलाय.

जयदीप उठायला लागला. त्याचे डोळे भरले होते आणि चेहरा हसरा होता. मी घाबरून त्याचा डावा हात घट्ट धरला आणि त्याला खाली ओढलं.

"बस," मी म्हटलं. "बस म्हणतो ना."

तो बसला. त्याने माझा हात आवळला.

पाचही बोटांनी.

मी हात सोडला नाही, आणि खालीही पाहिलं नाही. बाहेरचा आवाज थांबेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. त्यानंतर या विषयावर आम्ही दोघंही एक अक्षर बोललेलो नाही.

परवा पुन्हा गुरुवार आहे. त्याने मला बोलावलंय.